खोलीपेक्षा लांब सतरंजी

मेणबत्तीच्या मेणाचा वाळलेला थेंब.

हिरव्या बांगडीची काच.

टेट्रासायक्लिनची एक कॅप्सूल.

उधना ते नवापूर, एक माणूस. तिकीट कोरं करकरीत.

मित्रांनो, हे सगळं माझ्या अंगात सापडतं, कारण मी एक जुनी सतरंजी आहे. सुरतेच्या लिंबायतमध्ये पत्र्याच्या एका खोलीत ख्रिस्ती मंडळी उपासनेला जमते, ती माझ्यावर बसते.

तिकिटाचं सांगते. नाही, थांबा. आधी जन्म.

हिलालबाबांनी मला घरच्या हातमागावर विणलं. कारखान्यात उरलेलं सूत वापरलं, म्हणून माझे पट्टे एकमेकांशी भांडतात. खोलीत अंथरली, तर मी हातभर लांब निघाले आणि थेट भिंतीवर चढले.

"बाबा, माप चुकलं की!" पास्टर आनंदा हसले.

"खोलीचं माप घेतलंच कुणी?" बाबा म्हणाले. "उद्या येतील ते काय तुमच्या डोक्यावर बसतील?"

पुढे खरोखरच माणसं वाढली. लग्नं झाली, नाताळची खीर माझ्यावर सांडली. मी जड, एकट्याला माझी घडी होत नाही. उपासना संपली की एक टोक पास्टर धरत, दुसरं जो जवळ असेल तो.

मग चौऱ्याण्णव साल. प्लेग.

लोक मिळेल त्या गाडीनं गावी पळाले. पास्टर मागे राहिले. तोंडाला रुमाल बांधून आजाऱ्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेत, टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल वाटत. शेजारच्या कारखान्यातले माग बंद पडले, तेव्हा मला पास्टरांचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकू आला. तो पार बसला होता.

रविवारी त्यांनी मला अंथरलं. कुणी आलं नाही. बराच वेळ बसून ते उठले आणि माझी घडी घालू लागले. कोपऱ्यात त्यांची ट्रंक भरलेली होती. इकडचं टोक धरलं की तिकडचं सुटत होतं.

"काय हो पास्टर, सतरंजीशी कुस्ती?" दारात मंगलाबाई उभी होती. हिलालबाबांची विधवा, मागांच्या खडखडाटानं कान गेलेली. हातात भाकरीचं फडकं.

"मी नवापूरला जातोय मंगलाबाई!" पास्टर तिच्या कानाशी ओरडले. "कायमचा. माझ्यात काही उरलं नाही. प्रार्थनेला शब्दसुद्धा सुचत नाहीत."

"नाही सुचले तर नाही. मला कुठं ऐकू येतात? इतकी वर्षं तुमचं एक वाक्य धड कळलं नाही मला."

"मग येता कशाला?"

"तुमचं तोंड बघायला. दमलेलं दिसलं की घरी जाऊन प्रभूला सांगते, ह्याला सांभाळ. ह्या महिन्यात तर सांगून सांगून त्यालाच दमवलं मी." ती खाली बसली, फडकं सोडलं आणि घरच्या बोलीवर आली. "बठ ना भाऊ. खाय आधी."

पास्टर बसले. कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी खाल्ली, रडले आणि तिथेच आडवे झाले. मंगलाबाई दाराशी डोक्यावर पदर घेऊन पुटपुटत राहिली. लांबून त्यांच्या गाडीची शिट्टी आली. तिला ती ऐकू गेली नाही, आणि पास्टरांना उठवायला मी काही बोलू शकत नव्हते. शकत असते तरी बोलले नसते.

दुपारी दोघांनी माझी घडी घातली. घडी घालताना माणसं दोन टोकांकडून चालत एकमेकांसमोर येतात. पास्टरांच्या खिशातून पडलेलं तिकीट आतच राहिलं. ट्रंक उघडली गेली. दिवाळीच्या सुमारास माग पुन्हा खडखडू लागले, माणसं परतली, आणि पास्टरांचा आवाज मला परत ऐकू येईनासा झाला. बरं वाटलं.

मित्रांनो, मला अधूनमधून झटका, ऊन दाखवा, एवढंच माझं मागणं. पण तुमच्यासाठी रोज कुणीतरी एक टोक धरून उभं असेल, तर त्याच्याकडे नीट बघा. दमलेला दिसला तर दुसरं टोक उचला. त्यासाठी मोठे शब्द लागत नाहीत.

हिलालबाबांनी मला विणायला घेतलं, तेव्हा मंडळीत सगळी मिळून पाच माणसं होती.