सत्तावीस नंबर

खंडारे सरांनी मेळघाटच्या सहलीसाठी सुरक्षेचे एकवीस नियम छापून आणले, त्यांवर प्रत्येकाची सही घेतली, प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी अडकवली. फक्त परत निघताना बसमधली डोकी मोजायचा त्यांना कंटाळा आला. त्यांनी वर्गातल्यासारखी हजेरी घेतली.

"सत्तावीस?"

"येस सर," माया म्हणाली.

सत्तावीस नंबर ललिताचा. ती चांदूर रेल्वेहून कॉलेजला रोज उशिरा यायची आणि तिची हजेरी माया वर्षभर अशीच लावायची. जीभ सवयीनं वळली. ललिताची बॅग शेजारच्या सीटवर होती. पोरगी मागं गप्पा हाणत असेल, असं मायाला वाटलं. बस सेमाडोहहून सुटली.

परतवाड्याला चहासाठी उतरल्यावर ललिता सापडेना. सरांनी पोलिसांपुढं रजिस्टर नाचवलं. "बसमंदी होती, साहेब. हे पाहा हजेरी. इथंच कुठं उतरली."

पोलिसांनी स्टँड धुंडाळला. मग हवालदारानं विचारलं, "कोन्या पोराचा फोन येत होता का तिले?"

पोरं खाली मान घालून हसली.

चाळीसेक किलोमीटर मागं, सेमाडोहला सगळे जेवले त्या ओढ्याकाठी, कुणीतरी जीव खाऊन शिट्टी वाजवत असेल, हे तिथं एकट्या मायाला कळत होतं. ऊन उतरत चाललं होतं.

"माया, तू तिच्या बाजूले बसून होती," सर गुरकावले. "खरं सांग. ललिता बसमंदी होती ना?"

दुसऱ्याची हजेरी लावणाऱ्याला परीक्षेला बसू देत नाहीत, हा कॉलेजचा नियम मायाला पाठ होता.

"येस सर," ती म्हणाली.