रुक्मिणीबाईंच्या घागरीचा झिरा

मित्रांनो, जुना म्हणाल तर मी फार जुना आहे, आणि नवा म्हणाल तर दरसाल नव्याने जन्म घेतो. मी एक झिरा आहे. नदीचे वरचे पाणी आटले म्हणजे पात्रातील रेती-गोटे हातांनी बाजूस सारून बायामाणसे हातभर खोल खड्डा उकरतात. त्यात तळातून निर्मळ पाणी पाझरते. त्यास आमच्याकडे झिरा असे म्हणतात.

पावसाळ्यात पूर येऊन मला बुजवीत असे. त्याचे मला दुःख नव्हते, कारण होळी सरली की रुक्मिणीबाई येत. काठावरच्या करंजाच्या वाकलेल्या फांदीखाली बसून त्या मला उकरीत, पहिले गढूळ पाणी उपसून टाकीत, मग वाटीवाटीने घागर भरीत. जाताना गुरांनी तोंड घालू नये म्हणून माझ्यावर बाभळीचा काटा, म्हणजे काटेरी फांदी, ठेवीत.

अक्षय तृतीयेस तर माझा मोठा मान असे. त्या दिवशी घरोघरी वारलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर पुजतात. बाईंचे यजमान तुळशीराम आयुष्यभर माझेच पाणी प्याले होते. म्हणून त्यांच्या नावाची घागर माझ्याच पाण्याने भरावी, असा बाईंचा नेम होता. वरवट बकालच्या बाजारातून आणलेली नवी घागर त्या आधी मला दाखवीत व म्हणत, "पाहून घे बाप्पा, यंदाची गळत नाई."

पुढे रस्त्याच्या कामासाठी रेती-गोट्यांची मागणी वाढली आणि पात्रात यंत्र उतरले. बाईंचा मुलगा निवृत्ती हाच आपल्या ट्रॅक्टरने गोटे वाहू लागला. कोणी कोणास अडविले नाही. खड्डा जेवढा मोठा तेवढे पाणी अधिक, असा साऱ्या गावाचा समज झाला होता. शेजारच्या शालूबाई काठावरून रुक्मिणीबाईंना म्हणाल्या,

"आता वाटीवाटीनं काऊन भरतं व बाई? दारातच तळं होऊन राह्यलं!"

"तळ्यात म्हशी बसतात, शालू. प्याचं पाणी नसते ते."

"मंग म्हशीले म्हना, सरक जराशी!"

काठावरच्या सगळ्या बाया हसल्या. रुक्मिणीबाई मात्र हसल्या नाहीत.

मित्रांनो, गोटे हे पाण्याचे घर असते. त्यांच्या सांदीसावलीत पाणी राहते आणि गाळले जाते. घरच उपसून नेल्यावर ते उन्हात उघडे पडले, हिरवे झाले आणि आटून गेले. काठच्या विहिरींनी तळ दाखविला. मुळे उघडी पडून करंज कोसळला. गोट्यांत अंडी घालणारी टिटवी कित्येक दिवस ओरडत फिरली, मग तीही गेली. त्यानंतर मजजवळ कोणी आले नाही.

यंदाच्या अक्षय तृतीयेस मात्र रुक्मिणीबाई नवी घागर घेऊन आल्या. मागोमाग निवृत्ती फावडे आणि पाण्याचा जार घेऊन आला.

"निवृत्ती, करंज कुठी होता रे आपला?"

"इथंच कुठीतरी असन, माय."

"तुले नाई मालूम? गोटे तं तुनंच नेले."

निवृत्तीने अंदाजाने खणावयास प्रारंभ केला. कमरेइतके खणले, तरी कोरडी पिवळी मातीच निघाली. अखेर तो म्हणाला, "माय, फिल्टरचं पाणी आनलं म्या. हेच भर."

बाईंनी घागर भरून घेतली. मग पूर्वीसारख्या त्या खड्ड्याशी बसल्या आणि घागर हळूहळू त्यात रिती केली.

"अवं माय, हे काय केलं? बाच्या नावाचं पाणी होतं ते!"

"तुह्या बापाले घरी देतो मी पाणी. आज मेलेल्याच्या नावानं पाणी देतात ना? मंग हा बी आपलाच होता."

पाणी क्षणात मातीत जिरले. आजवर प्रत्येक पुराने मला बुजविले, परंतु त्यास मरण म्हणतात असे मला कधी वाटले नव्हते. मरण काय ते त्या दिवशी समजले.

निवृत्तीने फावडे खाली ठेवले. मग काठावरून बाभळीचा एक काटा ओढीत आणून त्याने त्या कोरड्या खड्ड्यावर ठेवला, आणि त्याच्या मायने तो नीट केला.

मित्रांनो, तो काटा अद्याप तेथेच आहे. राखावे असे आत काहीच उरलेले नाही. परंतु आपल्या गावच्या नदीत कोणी असा काटा ठेवलेला दिसला, तर कृपा करून तेथील गोट्यांना हात लावू नका. त्यांच्याखाली माझा एखादा भाऊ होळी सरण्याची वाट पाहत असेल.