हिरवे कान

न्यानने वडिलांच्या फोटोपुढच्या ताटातलं ड्रॅगनफ्रूट उचललं आणि पाहुण्यांदेखत जमिनीवर आदळलं. वडिलांच्या दरवर्षीच्या श्राद्धाची पंगत नुकतीच बसली होती, माशाचा रस्सा वाढणं चालू होतं. फळ फुटून भिंतीपर्यंत गेलं.

"हे फवारलंय कुणी?"

फळाचे कान हिरवेगार, ताठ, बोटाएवढे लांब होते. सालीवरच्या त्या खवल्यांना इकडे सगळे कानच म्हणतात, आणि व्यापारी फळाआधी कान बघतो. न्यानच्या बागेत औषधाचा थेंब नाही. तिच्या फळांचे कान आखूड आणि टोकाशी पिवळे. असले ताठ कान तिच्या वेलींना जन्मात आले नसते.

शेजारची बाग थुआनची, तिच्या भावाची. त्याचा फवारणीपंप कधी थंड पडत नाही. न्यानने सरळ त्याच्यावर बोट रोखलं.

"दादा, परवा सेंद्रिय प्रमाणपत्राची तपासणी आहे, ठाऊक होतं ना तुला? तीन वर्षं शेण कालवतेय मी, हातानं गवत उपटतेय. ते तुला बघवलं नाही, होय ना?"

"उगाच माझ्यावर घसरू नकोस. मी तुझ्या बागेत पाऊलसुद्धा टाकत नाही."

"नाही कसं? पोरांना खायला फळं कुठनं नेतोस? कोपरापर्यंत ओघळ येईस्तोवर खातात, बोटं चाटतात. स्वतःच्या बागेतलं एक तरी देतोस का रे त्यांना?"

थुआन वाडग्यात बघत राहिला. सेन आत्याने हसू लपवायला मोठा घास घेतला.

"मी फवारलं," आई म्हणाली.

तिच्या हातातला डाव तसाच होता. तिने शेजारच्या पाहुण्याला रस्सा वाढला आणि मगच न्यानकडे पाहिलं.

"घरामागची एकच रांग. गेल्या वर्षी आत्या चारचौघांत काय म्हणाली? 'माझ्या भावापुढे आजारी फळं मांडलीत!' मेल्यासारखं झालं मला. घरची बाग असून बाजारातनं आणू का?"

"अगं, मी आपलं सहज बोलले," आत्या पुटपुटली.

"सहज!" न्यान तिच्यावर उसळली. "आणि जाताना पिशवी भरून नेतेस ती? तेव्हा आजारी नसतात वाटतं?" मग ती आईकडे वळली. तिचा आवाज फाटला. "जन्मभर तो फवारा हुंगून बाबांची छाती गेली, आई. आता तोच त्यांच्या ताटात वाढतेस?"



"झालं ते झालं," थुआन म्हणाला. "उद्या ती रांग छाटून टाकू. तपासणीच्या बाईंना कोण सांगायला जातंय?"

पंगतीतल्या माना हलल्या. बस खाली, जेव, असं दोघंतिघं म्हणाले. न्यानने खिशातून फोन काढला आणि तिथेच उभ्या उभ्या लावला.

"बाई, माझ्या बागेत फवारणी झालीय. हो, घरामागच्या रांगेत. कुणी म्हणजे..."

ती थांबली. आईने डाव पातेल्यात सोडला, सदऱ्यालाच हात पुसला आणि फोन घेतला.

"मी केली. तिची आई. तिला ठाऊक नव्हतं. माझं नाव लिहा." मग बराच वेळ ती नुसतं हं, हं करत राहिली.

"काय म्हणाल्या?" थुआनने विचारलं.

"पुन्हा पहिल्यापासून. तीन वर्षं."

न्यान पाय आपटत मागच्या दाराशी गेली आणि ती रांग छाटायला तिथला कोयता उचलला. आई तिच्या मागोमाग आली.

"तेवढी मी जगते की नाही, कुणास ठाऊक."

"जगावंच लागेल! अशी सुटशील होय?"

"आणि मधेच गेले तर? माझ्या फोटोपुढे काय ठेवशील?"

"पिवळ्या कानांचीच!" न्यान ओरडली. तिचे डोळे भरून आले होते, आणि त्याचाही तिला राग आला.

"बरं," आई म्हणाली. "जरा मोठी बघून ठेव."