चष्मेवाली बाही

मन मोकळं करायला म्हणे पायमोजे लागतात! नांदेडच्या प्रशिक्षणात मोठ्या थाटात सांगितलं होतं, जुन्या पायमोज्यांच्या बाहुल्या करा, मुलं घडाघडा बोलतील. बिलोलीकडच्या या खेड्यात पहिलीच्या एकाही पोराकडे पायमोजे नव्हते. आरतीबाईंनी चष्मा वर सारून कपाळावर हात मारला आणि नवऱ्याच्या जुन्या शर्टांच्या बाह्या कापून आणल्या.

हा सगळा खटाटोप खरं तर एकट्या पुनमसाठी होता. शाळेत आल्यापासून ती मिठाची गुळणी धरून बसली होती. घरी तिचं तोंड मिटत नाही, असं तिची आजी केवळाबाई शपथेवर सांगायची. बाईंनी चित्रं काढून घेतली, चिखलाचे बैल करून घेतले, जीव मेटाकुटीला आला. पोरगी हूं की चूं करीना. त्यात हेडमास्तर हणमंतरावांनी सकाळीच बजावलं होतं, "मॅडम, लई झालं. आज बोलली न्हाई तर मुक्यांच्या शाळेत घाला म्हणून सांगतो घरच्यांना."

हातात बाहीची बाहुली आल्यावर वर्गात नुसता धुडगूस. सत्यमची बाही दिसेल त्याला चावत सुटली होती. "गप बसा रे! किती येळा सांगायचं?" बाई किंचाळल्या आणि तणतणत पुनमपाशी गेल्या. "अगं, बोल की एकदा! तोंड शिवलंय का तुझं?"

पुनमनं आपली बाही हातावर चढवली. तिच्यावर पेनानं भलामोठा चष्मा काढला होता आणि त्याखाली उघडं तोंड. ती बाही बाईंच्या नाकासमोर आली आणि गरजली, "गप बसा रे! किती येळा सांगायचं? तोंड शिवलंय का तुझं?"

सत्यमची बाही चावता चावता थांबली. पुनम बोलली! बाईंना आनंदानं भरून आलं आणि त्याच क्षणी कानशिलं तापली. इतका कर्कश आवाज आपला?

"आता तुमी पुनम व्हा," बाहीनं हुकूम सोडला. बाईंनी मुकाट्यानं दुसरी बाही हातात घातली.

"बोल की! कशाला घाबरायलीस?" चष्मेवाली ओरडली.

बाईंनी तोंड उघडलं. सगळा वर्ग त्यांच्याकडे टक लावून बघत होता. शब्दच फुटेना.

तेवढ्यात दारातून हणमंतरावांचा आवाज आला, "काय मॅडम, बोलली का न्हाई ती?"

पुनमनं चष्मेवाली बाही काढून ठेवली आणि बाईंच्या हातावरच्या बाहीला हळूच थोपटलं.

"सर, ओरडू नका," ती म्हणाली. "भ्याल्यावर तिला बोलायला येत न्हाई."