लाल पट्ट्याचं लिंडन

माझी सून देवश्री झाडांवर लाल पट्टे मारते. शनिवारच्या मराठी वर्गात मी हे असं सांगितलं की मुलं हसायची, आणि मग मला पुढचं समजावून सांगायला बरं पडायचं.

कार्ल्सरूहेच्या दक्षिणेला डोंगर सुरू होतात. तिथल्या लहान वस्त्यांना वीज अजून खांबांवरच्या तारांतून जाते. देवश्रीची कंपनी त्या तारा दरवर्षी थोड्या थोड्या जमिनीखाली घालते आहे, पण डोंगर मोठा आहे आणि माणसं कमी. दरम्यान वादळं काही थांबलेली नाहीत. आठवडाभर छत्तीस-सदतीस डिग्री उकाडा होतो आणि एखाद्या दुपारी अर्ध्या तासात असा वारा सुटतो की कौलं उडतात. म्हणून हिवाळ्यात देवश्री तारेखालून पायी फिरते. जे झाड तारेवर पडेल असं वाटतं त्याच्या खोडाला लाल पट्टा मारते आणि टॅब्लेटवर नोंद करते. पट्ट्याची झाडं फेब्रुवारी संपायच्या आत तोडायची. मार्चपासून पक्ष्यांची घरटी सुरू होतात, आणि अगदीच डोक्यावर पडायला आलं नसेल तर मग ऑक्टोबरपर्यंत झाडाला हात लावायचा नाही, असा इथला कायदा.

"ओबरहाल्डेच्या चाळीस घरांना वीज कुठून येते?" मी विचारायचो.

"एकाच तारेवरून, सर."

"आणि ती तुटली तर?"

"दुंकेल!" सगळी एकदम ओरडायची. दुंकेल म्हणजे अंधार. मराठी त्यांना सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. मी रागावत नाही. चौतीस वर्षं सांगलीला शाळेत विज्ञान शिकवलं, तिथेही उत्तर कुठल्या भाषेत आलं यापेक्षा आलं की नाही हे मी आधी पाहत असे.

ओबरहाल्डेच्या बसथांब्यापाशी एक जुनं लिंडनचं झाड होतं. मागच्या वर्षी सप्टेंबरपासून आमचा वर्ग तिथेच भरायचा. सहा मुलं, सहा फांद्या. ज्याने त्याने आपल्या फांदीकडे वर्षभर पाहायचं आणि जे दिसेल ते लिहायचं. माझी नात इरा नऊ वर्षांची. तिने आपल्या फांदीचं नावही ठेवलं होतं, पण ते ती कुणाला सांगत नसे.

जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही बसमधून उतरलो तर खोडावर लाल पट्टा. मुलं जागीच थांबली. ती फक्त माझ्याकडे बघायला लागली. सहाच्या सहा.

रात्रीच्या जेवणाला मी विषय काढला.

"देवश्री, ते बसथांब्याजवळचं लिंडन..."

"बाबा, ते तारेकडे झुकलंय."

"ते काय आज झुकलंय? आपल्या आधीपासून झुकलेलं असेल."

"झालं," सुधीर म्हणाला. सुधीर माझा मुलगा. "आता बाबा उपोषणाला बसणार."

"बसेन की. वरणभात संपल्यावर."

देवश्री हसली, पण लगेच गंभीर झाली. "नुसतं झुकलं असेल तर ते सोडता येतं, बरोबर आहे. पण बुंधा नीट बघायला हवा होता. त्या दिवशी पानांचा ढीग आणि वर बर्फ. मला काही दिसलंच नाही. म्हणून म्हटलं, नकोच ती जोखीम."

"मी पाहिलाय बुंधा. ठोकूनही पाहिलाय. भरीव आवाज येतो," मी म्हणालो. "एक वर्ष थांब. मुलांचं वर्ष पुरं होऊ दे. माझ्यासाठी."

तिने हातातला घास ताटात ठेवला. माझी बायको लता गेल्यावर, चार वर्षांपूर्वी, मी यांच्याकडे राहायला आलो. तेव्हापासून मी तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. चहात साखर कमी असली तरी तसाच पीत असे. हे तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे मलाही माहीत होतं.

"बरं, बाबा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने नोंद बदलली. "खोड ठोकून पाहिले, भरीव. शरद ऋतूत पुन्हा तपासणी." पुढच्या शनिवारी तो पट्टा तारेच्या ब्रशने खरवडलेला होता. मुलांनी टाळ्या वाजवल्या. रुद्रने तर माझ्या कमरेला मिठी मारली आणि मराठीत, चक्क मराठीत म्हणाला, "सरांनी झाड वाचवलं!"

आता मी जे त्या जेवणाच्या वेळी सांगितलं नाही ते सांगतो.

आदल्या नोव्हेंबरात वर्गातली स्वानंदी मला हात धरून झाडामागे घेऊन गेली होती. "सर, इथे कुणीतरी आग लावलीय." बुंध्याच्या तळाशी, मुळं सुरू होतात तिथे, जळक्या कोळशासारखी काळी खपली होती. आग नव्हती ती, बुरशी होती. मी भिंग काढलं, मुलांना गोळा केलं आणि बुरशीवर छान धडा घेतला. ती लाकूड कशी पचवते, जंगलात तिची गरज का असते, सगळं. घरी येऊन तिची माहितीही काढली. त्यात लिहिलं होतं की ही बुरशी लिंडनला बरेचदा धरते. वर पालवी हिरवीगार राहते, ठोकल्यावर आवाजही बरा येतो, आणि एक दिवस खोड बिस्किटासारखं तुटतं.

मी ते वाचलं होतं. समजलंही होतं.

आणि पानांचा तो ढीग आमचाच. इथे बागांतून ईगेल फिरतात, काटेरी चेंडूसारखे छोटे प्राणी. त्यांना थंडीत झोपायला जागा हवी म्हणून मी मुलांकडून बुंध्याभोवती पानं रचून घेतली होती. देवश्रीला खपली दिसली नाही ती त्यामुळे. ती म्हणाली, मला दिसलंच नाही, आणि मी वरणभात कालवत राहिलो.

जुलैतल्या एका मंगळवारी दुपारी साडेतीनला वादळ आलं. आमच्या गावात बाल्कनीतल्या कुंड्या पडल्या, एवढंच. देवश्रीला फोन आला आणि ती बूट घालून, बोलतच बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आली तेव्हा तिच्या पँटवर गुडघ्यापर्यंत चिखल होता.

"कुठे तुटली?" मी विचारलं.

"ओबरहाल्डे." तिने बूट काढले नाहीत, दारातच बसली. "तुमचं लिंडन, बाबा. बुंध्यातून. दोन खांब घेऊन पडलं. रस्ता बंद, क्रेन सकाळी आली. दहा वाजता वीज आली."

सुधीरने तिला पाणी दिलं. ती प्याली आणि मग तिने ओबरहाल्डेतल्या फ्राऊ वेंडलिंगचं, म्हणजे वेंडलिंगबाईंचं सांगितलं.

फ्राऊ वेंडलिंग एकोणऐंशी वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या. इथे उन्हाळ्यात ऊन आत येऊ नये म्हणून खिडक्यांवरचे रोलाडेन, ते पट्ट्यापट्ट्यांचे पडदे, खाली सोडून ठेवतात. त्यांच्याकडचे विजेवर चालणारे होते. वीज गेली आणि भर दुपारी घर आतून काळंकुट्ट झालं. पडदे वर जाईनात. त्यांना वाटलं, फ्यूज उडाला असेल. फ्यूजचा डबा तळघरात. त्या चाचपडत जिन्याकडे गेल्या आणि पहिल्याच पायरीवरून घसरल्या. घरचा फोन राउटरवर, राउटर बंद. मुलगा ड्युसेलडॉर्फहून फोन करत राहिला. सकाळी आठला शेजारणीने दार वाजवलं, तेव्हा आतून आवाज आला. सोळा तास त्या तळघराच्या फरशीवर पडून होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं.

"जगल्यात," देवश्री म्हणाली. "पण डॉक्टर म्हणतात, त्या घरात पुन्हा एकट्या राहू शकणार नाहीत."

त्यानंतर दोन दिवस मी नीट जेवलो नाही. घरात सगळ्यांना वाटलं, बाबा हळवे आहेत.

ऑफिसात चौकशी होती पुढच्या आठवड्यात, गुरुवारी. बुधवारी संध्याकाळी देवश्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली होती. इरा जमिनीवर कोडं जुळवत होती.

"काय सांगणार आहेस उद्या?" मी विचारलं.

"जे खरं ते. माझा अंदाज चुकला."

"मी आग्रह केला, ते सांग."

"अहो बाबा, त्यांच्या फॉर्मवर सासऱ्यांसाठी रकाना नाहीये." ती हसायचा प्रयत्न करत होती. "सही माझी आहे. झाड मी पाहिलं, पट्टा मी मारला, मीच काढला. मला वाटतं, मला झाड कळतच नाही. मी साहेबांना सांगणार आहे की मला या कामातून काढा. उद्या आणखी एखादं असंच सोडलं असलं तर? रात्रभर मी एकेक झाड आठवत बसते."

म्हणजे ओझ्याचा हा भाग ती स्वतःच्या डोक्यावर घेऊन चालली होती, आणि तो तिचा नव्हताच. तिची नजर चुकली नव्हती. तिने नोकरी टिकवावी की सोडावी हे तिचं ती बघेल, पण स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास माझ्यामुळे गमवावा, हे मला बघवेना. इरा तिथेच होती. तिला बाहेर पाठवावं असं मनात आलं. पाठवलं नाही.

"देवश्री, तुझं काही चुकलं नाही. त्या झाडाला बुरशी होती. मुळाशी. मी नोव्हेंबरात पाहिली होती."

तिने लॅपटॉपवरून हात उचलले.

"काळी खपली. मी वाचलंही होतं की असं खोड तुटतं. तू विचारलंस तेव्हा बोललो नाही."

"विसरलात?"

हो म्हणालो असतो तर तिने ते मानलं असतं. मुद्दाम तिने तो शब्द माझ्यापुढे ठेवला होता, पाटासारखा.

"नाही. आठवत होतं."

देवश्रीने लॅपटॉप मिटला. "बाबा, मी फक्त एवढंच विचारलं होतं हो! बुंधा कसा आहे, एवढंच!" चार वर्षांत पहिल्यांदा ती माझ्यावर ओरडली. "त्या बाई सोळा तास... आणि तुम्ही मला भरीव आवाज सांगितलात!" मग ती उठून बाल्कनीत गेली आणि दार लावून घेतलं.

इराने कोड्याचा तुकडा हातात तसाच धरला होता. "आजोबा, स्वानंदीने दाखवलेली तीच?"

"तीच."

तिने तो तुकडा जमिनीवर ठेवला.

गुरुवारी देवश्रीने ऑफिसात सगळं सांगितलं. सासऱ्यांचा शब्द, बुरशी, ठोकून कुणी पाहिलं तेही. साहेबांनी विचारलं म्हणे, एका शाळामास्तराच्या सांगण्यावरून पट्टा काढलास? तिने हो म्हटलं. वर्षभरासाठी तिचं फिरतीचं काम गेलं, आता ती टेबलावर बसून नकाशे भरते. आणि आता एकदा मारलेला पट्टा काढायचा तर दोन जणांच्या सह्या लागतात. घरी मात्र तिने हे सुधीरला सांगितलं, मी शेजारच्या खोलीत ऐकलं.

शनिवारी मी मुलांना सांगितलं. रुद्रने विचारलं, "म्हणजे सर, झाड वाचवलं नव्हतं?" मी म्हणालो, नाही. पुढच्या शनिवारी सहापैकी चार आली.

ऑगस्टच्या शेवटी देवश्री माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. "फ्राऊ वेंडलिंग आता रेहात, पुनर्वसन केंद्रात आहेत. रविवारी मी भेटायला जातेय. तुम्ही या. पण तुमच्या वतीने मी काही बोलणार नाही, बाबा. तुमचं तुम्ही बोला."

तीन दिवस इराने माझी तयारी करून घेतली. ती फार कडक शिक्षिका निघाली. "नाही आजोबा, जीभ वर लाव. परत." मी बुरशी पाहिली. मी काही बोललो नाही. माझी चूक आहे. मला माफ करा. चार वाक्यं. चौथं मी स्वतःच काढून टाकलं. माफी मागण्याचा हक्क आपल्याला आहे असं मला वाटेना.

फ्राऊ वेंडलिंग खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, मांडीवर वर्तमानपत्र. देवश्रीने आपण कोण ते सांगितलं आणि स्वतःचं म्हणून जे होतं ते बोलली. मग ती बाजूला झाली. मी उभा राहून माझी तीन वाक्यं म्हटली. त्यांना ती समजली, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"वारुम?" त्यांनी विचारलं. का?

याची तयारी केलेली नव्हती. मी देवश्रीकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती. मग इरा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "मराठीत सांग," ती म्हणाली. "मी सांगते त्यांना."

"त्यांना सांग," मी म्हणालो, "की मला झाडाचं एवढं नव्हतं. पट्टा दिसला तेव्हा तुम्ही सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलंत ना, सर आता काय करतील म्हणून. मला तुमच्या डोळ्यांत मोठं व्हायचं होतं. बुरशीचं सांगितलं असतं तर झाड गेलं असतं आणि मी नुसता म्हातारा राहिलो असतो. म्हणून बोललो नाही."

इराने माझ्याकडे पाहिलं. मग तिने जर्मनमध्ये सांगायला सुरुवात केली, हळू आणि स्पष्ट. मला कळलं तेवढ्यावरून तिने काही गाळलं नाही आणि काही गोडही केलं नाही.

फ्राऊ वेंडलिंगनी ऐकून घेतलं. माझ्याशी त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी इराला विचारलं, कितवीत आहेस. इरा म्हणाली, चौथीत जाणार. मग शाळा कुठली, बाई कशा आहेत, पोहायला येतं का, असं त्या दोघींचं सुरू झालं. देवश्रीने खुर्ची ओढून घेतली आणि तीही अधूनमधून बोलू लागली. मी दाराजवळच्या स्टुलावर बसलो. तासभर मला कुणी काही विचारलं नाही. मीही उठलो नाही.