गुडघाभर पाणी

स्वप्नालीने ठरवलं होतं की या रविवारी आपण पाण्यात पडायचं. चुकून पडल्यासारखं दाखवायचं, पण पडायचं नक्की. ऐकणाऱ्याला हा बाईचा वेडेपणा वाटेल आणि तो होताही. पण आठ महिने नवरा भिंतीकडे तोंड करून झोपलेला बघितला की शहाण्या बाईचंही डोकं ठिकाणावर राहत नाही.

परागला काय झालं होतं, ते डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. नैराश्य. याला कारण लागतंच असं नाही, हेही सांगितलं होतं. पण स्वप्नालीला कारण हवं होतं, कारण सापडलं असतं तर तिने त्याचा बंदोबस्त केला असता. ती शाळेच्या ऑफिसात नोकरी करणारी, चारशे मुलांच्या दाखल्यांचा गुंता सोडवणारी बाई. हातावर हात धरून बसणं तिच्या रक्तात नव्हतं. परागची नोकरी ठीक होती, आता बिनपगारी रजेवर होता इतकंच. घर स्वतःचं, मुलगी रसिका नागपूरला होस्टेलवर आनंदात. मग हा माणूस आंघोळीला उठायला दुपारचे तीन का वाजवतो?

रसिकाच एकदा फोनवर म्हणाली होती, "आई, बाबांना घरात कोंडून ठेवू नकोस. बाहेर ने, मोकळ्या हवेत. काहीतरी नवीन करायला लाव."

झालं. स्वप्नालीच्या हाती काम आलं. शनिवारी संध्याकाळी ती मोबाइलवर शोधायची आणि रविवारी सकाळी परागला उठवायची. "चल, आज सायकल." "चल, आज पिकलबॉल." घोडबंदरचा किल्ला झाला, स्केटिंग झालं, नवघरच्या मैदानावर फ्रिस्बी झाली. तिरंदाजीला तर परागने धनुष्य ताणलं आणि तसाच उभा राहिला. बाण सोडेचना. शेवटी शिकवणाऱ्या मुलीने हळूच त्याच्या हातातून धनुष्य काढून घेतलं. स्वप्नालीने तरी त्याचा फोटो काढून रसिकाला पाठवला. फोटोत सगळं छान दिसतं.

परागने कधी नाही म्हटलं नाही. हीच तिची सगळी आशा होती. रविवारी तो उठायचा, बूट घालायचा, तिच्या मागे जिना उतरायचा. सोमवार ते शनिवार मात्र पहिल्यापेक्षा वाईट जायला लागले होते. पूर्वी निदान संध्याकाळी चहाला बाहेर यायचा, आता कप उशाशी तसाच गार व्हायचा. स्वप्नालीला वाटायचं, रविवार कमी पडतायत. आणखी जोर लावायला हवा.

मागच्या रविवारी ती त्याला समुद्रकाठच्या उत्तन गावी घेऊन गेली. गावाच्या एका टोकाला, बोंबील वाळवायच्या काठ्यांच्या पलीकडे, गेविन नावाचा तिशीतला तरुण शनिवार-रविवार कयाक भाड्याने देतो. कयाक म्हणजे दोन माणसं पुढेमागे बसतात ती लांबट, अरुंद होडी. गेविनचे वडील मच्छिमार. गेविन चर्चमधली सकाळची मिस्सा आटपून नऊ वाजता येतो, तोवर त्याची आई मार्सेलिन तिथे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राखण करते. त्या दिवशी पाणी इतकं कमी होतं की कयाकचा तळ चिखलाला घासत होता. गेविन बाजूने चालतच होता. "आँटी, घाबरू नका," तो हसून म्हणाला होता. "गुडघाभर पानी हाय. पडलात तर उठून उभं ऱ्हायाचं."

ते वाक्य स्वप्नालीच्या डोक्यात आठवडाभर घुमलं. पडलात तर उठून उभं राहायचं. आणि बुधवारी पोळ्या लाटता लाटता तिला ते सुचलं. आपण पडलो तर? बायको डोळ्यांसमोर बुडतेय म्हटल्यावर कुठला माणूस बसून राहील? पराग कॉलेजात पोहण्याची बक्षिसं मिळवायचा. तो उडी मारेल. एकदा उडी मारली की आतलं जे काही गोठलंय ते फुटेल. तिला पोहता येत नव्हतं, पण गुडघाभर पाण्यात पोहायचंय कुणाला?

पाण्याची वेळ बदलते, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. कसं येणार? बारा वर्षं इंद्रलोक नावाच्या वसाहतीत राहून तिला पाण्याचं एकच वेळापत्रक माहीत. सहाला येतं, सातला जातं, तेवढ्यात पिंप भरून घ्यायचं. मागच्या रविवारी नऊ वाजता गुडघाभर होतं ना, मग या रविवारीही नऊ वाजता गुडघाभरच असणार. समुद्रापासून अर्ध्या तासावर राहणाऱ्या बाईने समुद्रालाही सोसायटीच्या नळाच्या रांगेत उभं केलं.

रविवारी परागला उठायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. पलंगाच्या कडेला बसून तो एका बुटाकडे बघत राहिला. स्वप्नालीने खाली बसून दोन्ही बुटांच्या नाड्या बांधल्या. "चल, उशीर होतोय," ती म्हणाली. उशीर झाला तर पाणी निघून जाईल याची तिला धास्ती.

उत्तनला पोचले तेव्हा गेविन अजून आला नव्हता. मार्सेलिनने खुर्चीतूनच हात केला. "बाय, आज पानी चढलंय हां. कडेकडेनं जावा, लांब न्हाय जायाचं."

"हो हो," स्वप्नाली म्हणाली. तिचं लक्ष परागच्या लाइफ जॅकेटच्या पट्ट्यांकडे होतं. मागच्या वेळचे काळे खडक आज दिसत नव्हते. तिला वाटलं, आपण दुसऱ्या बाजूने निघालो असू. कयाक चिखलाला घासली नाही, तेव्हा तर तिला बरंच वाटलं.

पराग पुढे, ती मागे. त्याने वल्हं मांडीवर आडवं धरलं होतं, मारत नव्हता. तीच मारत होती. किनाऱ्यापासून पन्नास-साठ हात आल्यावर तिने वल्हं थांबवलं.

"जॅकेट फार घट्ट आहे रे," ती म्हणाली आणि स्वतःच्या जॅकेटचे पट्टे एक एक करून सोडले. परागने मान वळवून बघितलं. पुन्हा पुढे तोंड केलं.

"पराग."

"हं."

"काही नाही," ती म्हणाली आणि डावीकडे झुकून स्वतःला पाण्यात सोडून दिलं.

तिने पाय खाली टाकले. खाली काही नव्हतं. पाय आणखी लांब केले, बोटं ताणली, तरी काही नव्हतं. जॅकेट वर सरकलं, तोंडावर आलं, कानांवरून निसटून गेलं. खारं, गढूळ पाणी नाकात शिरलं. ती वर आली तेव्हा कयाक हाताला लागेल इतकी जवळ होती, पण हात लागेना. "पराग!" ती ओरडली. हे ओरडणं ठरवलेलं नव्हतं. पुन्हा खाली गेली. दुसऱ्यांदा वर आली तेव्हा तिला तो स्पष्ट दिसला. तिच्याकडेच बघत होता. डोळे मोठे झाले होते. दोन्ही हात वल्ह्यावर होते आणि ते हलत नव्हते.

तिसऱ्यांदा ती आपण होऊन वर आली नाही. कुणीतरी केसांना धरून ओढलं. तो गेविन होता. मार्सेलिनच्या किंकाळीवर तो मिस्सेच्या इस्त्रीच्या कपड्यांनिशी पाण्यात शिरला होता.

किनाऱ्यावर स्वप्नाली ओकली. मार्सेलिनने तिला टॉवेलात गुंडाळलं, पाठ चोळली आणि चोळता चोळता फैलावर घेतलं. "पट्टे कोनी सोडले? आँ? सांगितलं न्हाय मी, पानी चढलंय? गेल्या ऐतवारी या टायमाला ओहोटी होती, आज भरती हाय. समुद्र काय तुमच्यासाठी थांबून ऱ्हातो?"

गेविनने कयाक ओढून आणली आणि परागला हाताला धरून उतरवलं. पराग येऊन तिच्याशेजारी वाळूत बसला. त्याचे कपडे कोरडे होते. ते कोरडे कपडे बघून स्वप्नालीचा उरलासुरला धीर सुटला. तिने त्याच्या छातीवर, खांद्यावर मुठी मारल्या. "बघत बसलास! मी मरत होते आणि तू बघत बसलास! दगड आहेस तू. दगडसुद्धा गडगडतो!"

मार्सेलिन चहा आणते म्हणून गेविनला घेऊन मागच्या झोपडीत गेली.

पराग मार खात राहिला. तिचे हात दमले तेव्हा म्हणाला, "दिसत होतं. सगळं दिसत होतं मला. हात उचल, हात उचल, असं आत ओरडत होतो. नाही उचलला."

कित्येक महिन्यांत तो इतकं सलग बोलला नव्हता.

"तू मुद्दाम पडलीस ना?" त्याने विचारलं.

स्वप्नालीला खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. "हो."

"पट्टे सोडलेस तेव्हाच कळलं."

"मग अडवलं का नाहीस?"

"शिल्लकच नव्हतं काही," तो म्हणाला. "रविवारसाठी मी आठवडाभर साठवतो, स्वप्ना. सोमवारपासून पडून राहतो, कारण रविवारी उठायचं असतं. बूट घालायचे, जिना उतरायचा, तू फोटो काढशील तेव्हा कॅमेऱ्याकडे बघायचं. तेवढ्यानंच सगळं संपतं. या आठवड्यात साठलंच नाही."

"मग नाही म्हणायचंस ना मला!"

"रविवारी घरी आलो की तू गुणगुणत स्वयंपाक करायचीस. तेवढं एकच होतं मला तुला देण्यासारखं."

स्वप्नालीने मनात मोजलं. एकोणीस रविवार. ती त्याला ओढून वर काढतेय असं तिला वाटत होतं, आणि हा माणूस होता नव्हता तो जीव गोळा करून तिला सांभाळत होता. प्रत्येक रविवारी तिने त्याला थोडं थोडं संपवलं होतं.

"डॉक्टरांना का नाही सांगितलंस हे?"

"तू शेजारी बसलेली असतेस. मी तोंड उघडायच्या आत सांगतेस, सुधारणा आहे, दर रविवारी बाहेर पडतो."

तिला थंडी वाजायला लागली. तिने टॉवेल घट्ट ओढून घेतला. "उद्या जाऊ," ती म्हणाली. "शाळेत रजा टाकते. तू एकटा आत जा, मी बाहेर बसेन. किती का वेळ लागेना."

त्याने मान हलवली. मग जरा चाचरत विचारलं, "आणि पुढचा रविवार?"

विचारतानाच तो घाबरला होता. वर्गात बाकावर उभ्या केलेल्या लहान मुलासारखा तिच्या तोंडाकडे बघत होता.

"पुढच्या रविवारी काही नाही," स्वप्नाली म्हणाली. "कुठेही जायचं नाही. झोपून राहा."

परागने डोळे मिटले. त्याचे खांदे खाली आले, जबडा सैल पडला आणि त्याने एक लांब श्वास सोडला. त्याच्या चेहऱ्यावर हीच सुटका बघायला ती सायकलींमागे, किल्ल्यांमागे, धनुष्यबाणांमागे धावत सुटली होती. मार्सेलिन चहाचे पेले घेऊन आली तेव्हा पराग वाळूतच आडवा झाला होता आणि स्वप्नाली त्याच्याशेजारी बसून, कोण बघतंय याची पर्वा न करता, मोठमोठ्याने रडत होती.