हँडपंपाला झालेली कावीळ

"उतरली! माळ छातीवर उतरली! बोला बापूजी महाराज की जय!"

गावातल्या अंबामावशीच्या अंगणात त्या सकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध खाटेवर मावशीची सून, आमची वैशालीवहिनी, सात महिन्यांचं पोट सांभाळत बसलेली. डोळे पिवळेधम्मक. दोन दिवसांपूर्वी लोधीखेड्याच्या बापूजींनी हिरव्या काड्यांची इवलीशी माळ तिच्या डोक्यावर टोपीसारखी ठेवली होती. तीच आता गळ्यातून खाली लोंबत होती.

"माळ कावीळ पिऊन राहिली, माय," बापूजी डोळे मिटून म्हणाले. "जेवढी पिते तेवढी वाढते. पायापर्यंत उतरली का कावीळ गेली. तोवर दवाखाना नाही, सुई नाही. सुईनं माळ रुसते."

माळ रुसते! आमच्या वर्गातली सायलीसुद्धा इतक्या लवकर रुसत नाही.

आता मी कोण? मी तृप्ती. सौंसर तालुक्याच्या भाषणस्पर्धेत 'विज्ञान आणि आपण' या विषयावर दुसरी आलेली. तेव्हापासून माझ्या अंगात जी हवा भरली होती, तिच्यावर एक ट्रॅक्टर आरामात चालला असता. मी गर्दीत घुसले.

"थांबा! ह्या माळेत रबर आहे!" असं ओरडून मी माळ ओढली.

माळ तुटली. काड्या अंगणभर. आत साधा पांढरा दोरा. रबराचा पत्ता नाही.

"पोट्टीनं माळ तोडली वं!" मंगलाकाकू किंचाळल्या. बापूजींनी पहिल्यांदाच डोळे उघडले, आणि शपथेवर सांगते, ते आनंदाने चमकत होते. "आता कावीळ डोक्यात चढली तर मले बोल लावू नका," ते म्हणाले. त्यांना लागणारी सबब मी घरपोच दिली होती. त्यांनी नवी माळ घातली आणि मी तोंड लपवून आजीकडे पळाले.

माझी कुसुमआजी म्हणजे आमच्या बौद्ध वस्तीतून नर्सिंग शिकायला नागपूरला गेलेली पहिली मुलगी. गावाला तिच्या हातची बाळंतपणं चालायची, घरात तिचं बसणं चालायचं नाही. वहिनीचा नवरा कुलदीपदादा आजीच्याच हातात जन्मला, आणि ती निघाल्यावर मावशीच्या सासूने उंबरठा धुतला. आजी हे हसून सांगते. मला हसू येत नाही. आता ती निवृत्त आहे, म्हणजे सगळं लक्ष माझ्यावर. माझी वेणीसुद्धा ती बँडेज बांधल्यासारखी घट्ट घालते.

माझा पराक्रम ऐकून तिने एवढंच विचारलं, "उलट्या होतेत का तिले?"

"हो. अन् सकाळपासून नुसती पेंगून राहिली."

आजी उठलीच. "दोन जीवाची बाई, कावीळ, अन् पेंग? तिले आत्ताच न्यायला पायजे."

आम्ही दोघी अंगणात गेलो, पण अंबामावशी ऐकेनात. "सिस्टरबाई, डोळ्यानं दिसून राहिलं ना! उतरू द्या माळ."

आजीने वाद घातला नाही. घरी येऊन कुंपणाजवळच्या रसरशीत काड्या तोडल्या आणि भराभर दोन माळा गुंफल्या.

"तुले येते हे?" मी थक्क.

"वॉर्डात उशिरा आलेल्या बायांच्या गळ्यात ह्याच असत. एक उसवून पाहिली होती." तिने दोऱ्याला गाठ मारली. "जिच्या गळ्यातली होती, ती बाई वाचली नव्हती."

एक माळ माझ्या डोक्यावर, दुसरी मावशीच्या दारासमोरच्या हँडपंपाच्या डोक्यावर. मे महिन्याचं ऊन. दुपार कलायच्या आत माझी माळ गळ्यात आली, आणि विज्ञानाची वक्त्री धावत आरशापुढे गेली.

"आजी! माझे डोळे पिवळे झाले!"

"पिवळा पडदा बाजूला सार, बावळट."

आम्ही परत अंगणात गेलो. बापूजींनी माझ्याकडे पाहून मान हलवली. "हिलेबी हाये. लपलेली कावीळ."

"म्हणूनच एवढी बोलते!" मंगलाकाकूंचं निदान.

"अन् त्याले?" आजीने बोट दाखवलं.

सगळ्यांनी पंपाकडे पाहिलं. माळ त्याच्या डोक्यावरून घसरून तोटीखाली लोंबत होती.

"बापूजी, लोखंडाले कोणती कावीळ झाली?"

"ते... पाण्यातला दोष..."

"मंग त्याले पथ्य काय देऊ, बिनतेलाची भाजी?" मागून चिंधूबाबा ओरडले आणि अंगण खदखदलं.

आजीने माझी माळ उलगडून दाखवली. प्रत्येक काडीला दोऱ्याचा वेढा. ओली काडी फुगलेली, म्हणून वेढा मोठा आणि माळ आखूड. काडी सुकून बारीक झाली की वेढा ढिला पडतो, त्यातला दोरा सुटतो आणि माळ लांब होते. "माळ कावीळ पीत नाही," आजी म्हणाली. "ऊन काडीतलं पाणी पिते."

कोणी हसलं नाही. खाटेवर वहिनी डोळे न उघडता काहीतरी पुटपुटत होती.

"अंबाबाई, कुलदीप जन्मला तेव्हा रडला नव्हता. तेव्हा तुम्ही मले हात जोडले होते," आजी म्हणाली. "आज मी जोडून राहिली." आणि तिने खरंच हात जोडले.

मावशींनी स्वतः सुनेच्या गळ्यातली माळ काढली. कुलदीपदादाने गाडी आणली. आजी मागे बसली, वहिनीचं डोकं मांडीवर घेऊन, थेट नागपूर. गर्दी गाडीला वाट करून देत होती, तेवढ्यात बापूजींनीही आपली वाट धरली.

डॉक्टर म्हणाले, रात्र काढली असती तर आई आणि बाळ दोघंही हाती लागली नसती. वहिनी बरेच दिवस दवाखान्यात होती. नंतर मुलगी झाली. ती इतकी मोठ्याने रडते की भाषणस्पर्धेत मला धोका आहे.

बऱ्याच लोकांची कावीळ विश्रांतीने आपोआप उतरते, तेव्हा श्रेय माळ घेते. ज्यांची उतरत नाही, ते जय म्हणायला परत येत नाहीत. म्हणून डोळे पिवळे दिसले की रक्त तपासा, पाणी उकळून प्या, आणि बाई दोन जीवाची असेल तर एक तासही थांबू नका. चमत्कार दिसला की जय म्हणण्याआधी विचारा: जे बरे झाले नाहीत, ते कुठे आहेत?